कृषी आधारित उद्योगांचे प्रकार आणि उद्योगाची जागा ठरवणारे घटक : बारामती-इंदापूर परिसर

गावात प्रक्रिया उद्योग काढायचा ठरला की बैठकीत आधी यंत्राची किंमत आणि अनुदान यांवर बोलणे होते. उद्योग कोणत्या जागी उभारायचा हा प्रश्न शेवटी येतो. बहुतेक वेळा गटातील ज्याची जमीन रस्त्याकडेला पडून असेल तिथे शेड उभे राहते. यंत्र बदलता येते, कर्ज फेडता येते, पण शेड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कच्चा माल आणण्याचा आणि तयार माल पाठवण्याचा खर्च त्या जागेने पुढील वीस-पंचवीस वर्षांसाठी ठरवून टाकलेला असतो.

हा विषय समजून घेण्यासाठी बारामती आणि इंदापूर तालुक्यांइतका सोयीचा परिसर क्वचितच सापडेल. काटेवाडी हे गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर आहे. हाच रस्ता संत तुकाराम महाराज पालखी मार्ग म्हणून आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. गावाच्या एका बाजूला भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या बाजूला बारामती शहर व औद्योगिक वसाहत आणि शिवारात नीरा डाव्या कालव्याचे पाणी. थोडे पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, भिगवण आणि उजनीचा फुगवटा. यातील प्रत्येक उद्योग वेगळ्या कारणाने त्या त्या ठिकाणी आला.

उद्योगांचे प्रकार

उद्योगांची विभागणी अनेक प्रकारे करतात. कच्च्या मालावरून कृषी आधारित (साखर, गूळ, दूध प्रक्रिया, पशुखाद्य, सूतगिरणी), वन आधारित (कागद, लाकूड) आणि खनिज आधारित (लोखंड, सिमेंट, रसायने) असे गट पडतात. मालकीवरून सहकारी, खासगी, सरकारी आणि शेतकरी उत्पादक कंपनी असे प्रकार होतात. बारामती-इंदापूरमध्ये माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने आहेत. शेटफळगढे येथील बारामती अ‍ॅग्रोचा कारखाना खासगी आहे.

आकारावरून सूक्ष्म, लघु व मध्यम असे वर्ग आहेत. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म गणला जातो. लघु उद्योगाची मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी आहे. गावातील जवळपास सर्व प्रक्रिया उद्योग सूक्ष्म वर्गातच मोडतात. कर्ज, नोंदणी व योजना यांसाठी ही विभागणी लागते.

जागा ठरवताना मात्र या विभागणीचा फारसा उपयोग नाही. तिथे दोनच प्रश्न विचारावेत. प्रक्रियेत मालाचे वजन किती घटते? आणि माल किती तास टिकतो? जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थानाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात वजनाचा प्रश्न मध्यवर्ती आहे. कच्चा माल जड आणि तयार माल हलका असेल तर उद्योग कच्च्या मालाकडे ओढला जातो. वजन फारसे घटत नसेल, किंवा तयार माल नेणेच अवघड असेल, तर तो बाजाराकडे सरकतो. आपल्या शिवारातील मालाला हे गणित कसे लागू होते ते पाहू.

ऊस : वजनही घटते, वेळही घटतो

एक टन ऊस गाळल्यावर उताऱ्यानुसार साधारण १०५ ते १२० किलो साखर मिळते. ओला भुसा २८० ते ३०० किलो, मळी ४० ते ४५ किलो आणि प्रेसमड ३५ ते ४० किलो निघतो. बाकी बहुतेक पाणी. म्हणजे ट्रॉलीतून कारखान्याकडे जाणाऱ्या वजनात विक्रीयोग्य साखर जेमतेम नववा-दहावा हिस्सा असते.

याचा अर्थ हिशोबात पाहा. १० टन ऊस ३० किलोमीटर नेला तर वाहतूक ३०० टन-किलोमीटर होते. त्याच उसाची १.१ टन साखर ३० किलोमीटर नेली तर ती ३३ टन-किलोमीटर भरते. म्हणून साखर कारखाना मुंबई-पुण्याजवळ न होता उसाच्या मध्यभागी होतो.

दुसरा भाग वेळेचा. तोडलेल्या उसाचे वजन रोज घटते आणि त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. उन्हाळ्यात हा वेग वाढतो. तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे, ही शिफारस त्यासाठीच आहे. गव्हाणीबाहेर दोन दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॉलीत वजनाचे नुकसान शेतकऱ्याचे होते, कारण वजन काट्यावर गेल्यावरच होते. उताऱ्याचे नुकसान आधी कारखान्याला बसते. मात्र रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) उताऱ्याशी जोडलेला असल्याने तेही फिरून शेतकऱ्याकडेच येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी आहे.

अंतराचा खर्च कोण सोसतो, हा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. एफआरपी हा कारखाना पोहोच दर आहे. महाराष्ट्रात तोडणी व वाहतूक कारखाना करतो आणि त्याचा खर्च ऊस बिलातून वजा होतो. हा खर्च सर्व उसावर सरासरीने कापला गेला, तर कारखान्याच्या शेजारचा शेतकरी लांबच्या उसाचे भाडे भरतो. कारखान्याने कार्यक्षेत्राबाहेरून किती ऊस आणला, याची चौकशी सभासदाने वार्षिक सभेत करणे म्हणूनच रास्त आहे. बिल पाहताना एफआरपीच्या आकड्याबरोबर तोडणी-वाहतुकीची वजावट टनाला किती, तेही शेजारच्या कारखान्याशी ताडून पाहावे.

कायद्याचाही भाग आहे. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशानुसार दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर लागते. महाराष्ट्रात हे हवाई अंतर २५ किलोमीटर ठेवले आहे. उसाची पळवापळवी होऊन दोन्ही कारखाने अपुऱ्या गाळपात अडकू नयेत, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही, पण त्यामुळे जवळपास नवा खरेदीदार येण्याची वाट अरुंद होते हेही खरे. बारामती-इंदापूरमध्ये कारखान्यांची संख्या बरी असल्याने येथील शेतकऱ्याला निवड करता येते. एकाच कारखान्यावर अवलंबून असलेल्या भागात ती सोय नाही.

गुऱ्हाळाचे गणित साखरेसारखेच, पण छोट्या प्रमाणावर. टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. चुलाणाला त्याच उसाचे वाळलेले चिपाड लागते, त्यामुळे इंधनही बाहेरून आणावे लागत नाही. गुऱ्हाळ उसाच्या फडाजवळच परवडते. पाच-सहा किलोमीटरपलीकडून ऊस आणून गूळ करायचा असेल तर आधी भाडे जमेस धरून हिशोब करावा. गूळ ढेपेच्या रूपात चांगला टिकतो व बारामतीत गुळाची बाजारपेठ आहे, त्यामुळे विक्रीसाठी गुऱ्हाळ शहराजवळ असण्याची गरज नाही.

दूध : संकलन गावात, पावडर तालुक्यात

दुधाला उसापेक्षाही कमी वेळ मिळतो. धार काढल्यावर ते लवकरात लवकर ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड व्हावे लागते. म्हणून दूध उद्योग एका जागी उभा न राहता टप्प्याटप्प्याने पसरतो. संकलन केंद्र व बल्क कूलर गावात, शीतकरण केंद्र रस्त्यावर, पावडर-लोणी-चीज प्रकल्प तालुक्याच्या ठिकाणी आणि पिशवीबंद दुधाचा प्रकल्प शहराच्या जवळ.

यामागेही वजनच आहे. १०० लिटर गाईच्या दुधापासून सुमारे १२ ते १३ किलो पूर्ण दूध पावडर किंवा साधारण १० किलो चीज होते. सात-आठ भाग पाणी शहरापर्यंत वाहून नेण्यात अर्थ नाही, त्यामुळे पावडर व चीज दुधाच्या पट्ट्यातच होते. पिशवीतील दुधाचे वजन मात्र घटत नाही आणि ते रोज पहाटे ग्राहकाच्या दारात लागते, म्हणून ते बाजाराकडे जाते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील श्रायबर डायनामिक्सचा प्रकल्प आणि इंदापूरची सोनाई डेअरी हे दूध पट्ट्यात आलेल्या प्रक्रियेचे उदाहरण आहे. त्याच वसाहतीत फेरेरो या इटालियन चॉकलेट कंपनीचा कारखानाही आहे. चॉकलेटला साखर व दूध भुकटी लागते. दोन्ही गोष्टी मुबलक असलेल्या भागात असा कारखाना दिसावा यात आश्चर्य नाही.

शेतकऱ्यांच्या गटाला यातून निघणारा सल्ला असा : गावात बल्क कूलर घालणे सहसा योग्य ठरते, गावात पावडर प्रकल्प घालणे सहसा योग्य ठरत नाही. पनीर, खवा, तूप यांत वजन घटते, त्यामुळे ते गावात करता येतात. पण पनीर व खवा यांना विक्रीपर्यंत थंड साखळी लागते. ती नसेल तर तुपापासून सुरुवात करावी.

मका, सोयापेंड आणि कोंबडी

मका व सोयापेंड कोरडी असतात, महिनोन्महिने टिकतात आणि खाद्य तयार करताना वजन जवळपास तेवढेच राहते. म्हणून खाद्य कारखान्याला शेताजवळ असण्याची सक्ती नाही. तो कोंबड्यांच्या शेडजवळ असावा लागतो. सुमारे दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी वाढीच्या काळात सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य खाते. कोंबडीपेक्षा खाद्याचे वजन जास्त, त्यामुळे खाद्य कारखाना आणि शेड यांतील अंतर कमी असलेले बरे. कंत्राटी पद्धतीने शेड उभारणाऱ्याने कंपनीचा खाद्य कारखाना किती लांब आहे हे करारापूर्वी विचारावे. लांबच्या शेडला बॅच उशिरा मिळण्याचा धोका राहतो.

डाळिंब, पेरू व अन्य फळे

इंदापूर तालुक्यात भगवा डाळिंबाचे क्षेत्र मोठे आहे. ताज्या फळात पॅकिंगने वजन फारसे घटत नाही, तरीही पॅकहाऊस बागेजवळ असावे, कारण प्रत्येक उतरवणीत आणि चढवणीत फळाला मार बसतो. रस, अनारदाना किंवा सोललेले दाणे या उद्योगांत सालीचे वजन जाते, म्हणून तेही पट्ट्यातच शोभतात.

येथे अडचण अंतराची नसून हंगामाची असते. उत्तम प्रतीचे फळ थेट बाजारात जाते, प्रक्रियेला खालच्या प्रतीचे उरते. बाजार चढला की तेही मिळत नाही. वर्षातून ७०-८० दिवस चालणाऱ्या यंत्राचा व्याजाचा हप्ता मात्र बारा महिने असतो. साखर कारखान्यालाही हंगामच असतो, पण त्याने सहवीजनिर्मिती व आसवनी जोडून यंत्रणा जास्त दिवस वापरात आणली. फळप्रक्रियेचा विचार करणाऱ्या गटाने डाळिंबाबरोबर पेरू, चिंच, आवळा, टोमॅटो यांपैकी काय काय एकाच यंत्रावर चालेल, हे आधी ठरवावे. केवळ एका पिकाच्या भरवशावर घेतलेली यंत्रे धूळ खात पडतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसते.

पाणी आणणे आणि पाणी सोडणे

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा नसता तर या भागात ऊस आला नसता आणि ऊस नसता तर बाकीचे काहीच आले नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धतीचे पाणीवाटप आणले, पुढे १९२८ मध्ये भाटघर धरण पूर्ण झाले आणि बारमाही पिकाला आधार मिळाला. याच कालव्याखाली अति पाण्याने जमिनी चोपण होऊ लागल्या. त्यांचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वीच हॅरल्ड मॅन यांनी केला होता. कालव्याच्या खालच्या अंगाला पांढरी पडलेली शेते आजही पाहायला मिळतात.

उद्योगाला पाणी लागते ते उत्पादनासाठी आणि तितकेच सांडपाणी सामावण्यासाठी. आसवनीत एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याची विल्हेवाट नीट झाली नाही तर ओढा, विहिरी आणि जमीन तिन्ही बिघडतात. छोट्या दूध प्रक्रिया केंद्राचेही धुण्याचे पाणी ओढ्यात सोडले की काही आठवड्यांतच वास आणि तक्रारी सुरू होतात. त्यामुळे जागा पाहताना उतार कोणत्या बाजूला आहे आणि खाली कोणाची विहीर आहे हे पाहणे, पाण्याचा स्रोत पाहण्याइतकेच गरजेचे आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे बांधकामापूर्वी विचारून घ्यावे.

कच्चा माल इथला नाही, तरी उद्योग इथे

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी व दुचाकी वाहने तयार होतात. लोखंड इथले नाही आणि गिऱ्हाईकही देशभर विखुरलेले. अशा उद्योगाला कच्चा माल किंवा बाजार यांपैकी कोणीच घट्ट बांधत नाही. तयार भूखंड, वीज, पाणी, पुण्याच्या वाहन उद्योगाशी सांधलेला रस्ता, प्रशिक्षित मुले आणि शासनाचे प्रोत्साहन या गोष्टी जिथे एकत्र मिळतील तिथे तो जातो. बारामतीला हे मिळवून देण्यात राजकीय पाठबळाचा वाटा होता, हे कोणी नाकारणार नाही. वसाहत हलक्या जमिनीवर झाली, त्यामुळे कालव्याखालची बागायत वाचली ही आणखी एक जमेची बाजू.

बारामती हायटेक टेक्स्टाईल पार्कही असाच. कापूस या भागाचे पीक नाही. पण गाठीतील रुईचे सूत करताना व सुताचे कापड करताना वजन थोडेच घटते, म्हणून कपड्याचा उद्योग कापसापासून दूर जाऊ शकतो. त्याला हवे असतात शिवणारे हात. आसपासच्या गावांतून रोज येणाऱ्या महिला हे त्याचे येथे असण्याचे मोठे कारण आहे.

भिगवणजवळच्या कागद कारखान्याची गोष्ट वेगळी. परिसरात जंगल नाही, लगदा बाहेरून येतो. पण कागदाला पाणी भरपूर लागते. ते उजनीच्या फुगवट्यात आहे. पुणे-सोलापूर महामार्ग आणि रेल्वे दोन्ही शेजारून जातात. जड लगदा आणणे आणि जड कागद नेणे तिथे जमते.

वालचंदनगर : कारण बदलले, उद्योग राहिला

इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिल्यानंतर देशभर कारखाने निघाले, त्यातला हा एक. कारण स्पष्ट होते : कालव्याचे पाणी आणि सलग मोठे क्षेत्र. ते क्षेत्र शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेले होते. पुढे कमाल जमीन धारणा कायद्यानंतर अशी जमीन शासनाच्या शेती महामंडळाकडे गेली आणि आपली जमीन परत मिळण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांना अनेक दशके वाट पाहावी लागली. उद्योगासाठी जमीन भाडेपट्ट्याने देताना मुदत आणि परतीची अट कागदावर का हवी, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधायला नको.

साखर यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कार्यशाळा लागली. त्या कार्यशाळेतून यंत्रनिर्मिती वाढली. आज वालचंदनगर साखर कारखान्यांची व सिमेंट उद्योगाची यंत्रसामग्री, तसेच इस्रोच्या अग्निबाणांचे भाग यांसाठी ओळखले जाते. अग्निबाणाचा भाग तयार करायला उसाचे शेत जवळ असण्याचे काहीच कारण नाही. पण कुशल कामगार, वसाहत, शाळा आणि यंत्रे तिथे होती, म्हणून उद्योग तिथेच वाढला. मूळ कारण संपल्यावरही उद्योग जागेला चिकटून राहतो. याला औद्योगिक जडत्व म्हणतात. चुकीच्या जागी उभारलेल्या छोट्या उद्योगाला हाच चिकटपणा महागात पडतो.

गटाने जागा ठरवताना

कच्चा माल देणाऱ्या प्रत्येक सभासदाचे गाव नकाशावर टाकावे आणि प्रत्येकाकडून येणाऱ्या मालाचे वजन गुणिले अंतर काढावे. दोन-तीन संभाव्य जागांसाठी हीच बेरीज केली की सर्वांत कमी आकड्याची जागा समोर येते. तयार मालासाठी बाजारापर्यंतची बेरीज वेगळी करावी व दोन्ही मिळवाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे, पण बहुतेक प्रकल्प अहवालांत ते आढळत नाही.

त्यानंतर वीज. थ्री फेज वाहिनी कृषी आहे की गावठाणाची, रोहित्राची क्षमता किती, हे महावितरणच्या कार्यालयात विचारावे. कृषी वाहिनीच्या वेळापत्रकावर कूलर चालत नाही. मजुरांचा प्रश्न ऊसतोडीच्या काळात तीव्र होतो. बीड, अहिल्यानगरकडील टोळ्या कारखान्यांत गुंतलेल्या असतात आणि स्थानिक मजूरही महाग होतात. फळप्रक्रियेचा हंगाम त्याच महिन्यांत येत असेल तर महिला बचत गटांशी आधीच बोलणी करावी.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी दोन्हींची चालू मुदत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तपासावी. तांत्रिक बाबींसाठी शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. अनुदान मंजूर होईल म्हणून जागा निवडू नये. ते एकदाच मिळते, भाडे मात्र रोज द्यावे लागते.

जागेचा सातबारा, विकास आराखड्यातील झोन आणि महामार्गापासून सोडावयाचे अंतर तपासावे. पालखी मार्ग रुंद झाल्यानंतर रस्त्याकडेच्या जुन्या मोजण्यांवर विसंबू नये, नवी मोजणी करून घ्यावी. शेवटी, जागा पसंत पडली तरी इसार देण्यापूर्वी एकदा मे महिन्यात तिथे जावे आणि कालव्याचे आवर्तन बंद असताना तेथील विहीर किंवा बोअर सलग किती तास चालतो ते घड्याळ लावून पाहावे.